पिल्लू, प्रौढ, म्हातारं: खाण्याच्या पिशवीवर ही वयं आली कुठून?

कुत्र्या-मांजरांच्या खाण्याच्या पिशव्यांवर आज तीन वयं सर्रास दिसतात: पिल्लू, प्रौढ, वयस्क. तिन्ही सारख्याच ठळक अक्षरांत छापलेली असल्यामुळे तिन्हींमागे सारखंच भक्कम शास्त्र असेल, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात पिल्लाचा टप्पा बराचसा प्रयोगशाळेतून आला, तर म्हातारपणाचा मुख्यतः दुकानातून.

वयानुसार खाणं बदलावं ही समज मात्र फार जुनी आहे. इ.स.पूर्व पहिल्या शतकातला रोमन लेखक वारो शेतीबद्दल लिहिताना मेंढपाळांच्या कुत्र्यांना दुधात भिजवलेली जवाची भाकरी द्यायला सांगतो. कुत्री व्याली की तिला गव्हाची नको, जवाचीच द्या, दूध भरपूर येतं, असंही तो बजावतो. गहू की जव हा वाद सोडून देऊ, पण व्यालेल्या कुत्रीचं खाणं वेगळं असावं हे त्याने अचूक हेरलं होतं. वेत मोठं असेल, तर पिल्लं तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत आईची ऊर्जेची गरज एरवीच्या तिप्पट-चौपट होते.

कारखान्यातलं खाणं आलं ते १८६०च्या सुमारास. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन गृहस्थ लंडनला आला होता. बंदरात जहाजावरची टणक बिस्किटं कुत्री चघळत असलेली पाहून त्याला कुत्र्यांच्या बिस्किटांची कल्पना सुचली, असं सांगतात. त्याची बिस्किटं गहू, भाज्या, बीट आणि सुकवलेलं मांस यांची असत. याच कंपनीत नोकरी केलेल्या चार्ल्स क्रफ्टने १८९१ साली स्वतःच्या नावाचं श्वानप्रदर्शन सुरू केलं. वयाच्या टप्प्यांनुसार वेगळं खाणं विकण्याची चालही स्प्रॅटच्याच कंपनीने पाडली, असं मानलं जातं. जीवनसत्त्व हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. म्हणजे टप्पे आधी विकले गेले आणि शास्त्र मागून आलं.

तेही आलं ते आडवाटेने. १९१९च्या आसपास एडवर्ड मेलॅन्बी यांनी पिल्लांना ठरावीक आहार देऊन मुडदूस घडवला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळतो हे दाखवलं. त्यांना चिंता होती ती माणसांच्या मुलांची. १९३७ मध्ये एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांचा 'काळी जीभ' हा आजार निकोटिनिक आम्लाने (एका ब-जीवनसत्त्वाने) बरा केला, तेव्हाही लक्ष्य माणसांना त्याच्याच कमतरतेने होणारा पेलाग्रा हा आजार हेच होतं. कुत्र्याला काय लागतं, याची बरीचशी माहिती अशी माणसाच्या औषधशोधात हाती लागली. मांजर त्या कामात फारसं नव्हतं, आणि त्याची किंमत त्याने मोजली.

मांजर म्हणजे छोटा कुत्रा, या हिशेबावर बराच काळ निभावलं. टॉरिन हे एक अमिनो आम्ल कुत्र्याचं शरीर सहसा स्वतःच बनवतं. मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही, मांसातूनच मिळवावं लागतं. टॉरिन नसलेल्या आहारावर मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झिजतो हे १९७५ मध्ये समोर आलं. पुढे १९८७ मध्ये पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदय फुगून निकामी होण्याच्या मांजरांमधल्या आजाराचं मूळही टॉरिनच्या कमतरतेत आहे. ही मांजरं बाजारातलं तयार खाणंच खात होती. कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि हा आजार झपाट्याने कमी झाला.

तोवर भीती होती ती काहीतरी कमी पडण्याची. जास्तीचाही त्रास होतो हे ग्रेट डेन या थोराड जातीच्या कुत्र्यांच्या पिल्लांनी शिकवलं. जन्मताना जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोचं हे पिल्लू वर्षभरात पन्नास किलोच्या आसपास जातं. साहजिकच मालकाला वाटतं, भरपूर खाऊ घाला, वर कॅल्शियमची पावडरही घाला. १९७४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात हेडहामर आणि सहकाऱ्यांनी काही पिल्लांना हवं तितकं खाऊ दिलं, तर काहींना त्याच्या दोन तृतीयांशच. पोटभर खाणारी झपाट्याने वाढली खरी, पण हाडांचे विकारही त्यांनाच जास्त झाले. पुढच्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला हेझविंकेल यांनी कॅल्शियमचा धागा पकडला. मोठा कुत्रा नको असलेलं कॅल्शियम आतड्यातच अडवतो. लहान पिल्लाला ते नीट जमत नाही. जितकं घालाल त्यातलं बरंचसं अंगात शिरतं. मग कूर्चेचं हाड वेळेवर होत नाही आणि पाय वाकतात. जोमाने वाढणाऱ्या पिल्लाला प्रेमापोटी घातलेली ती पावडर हाच मोठा धोका होता.

वाढ संपल्यावरही हात आखडता ठेवण्याचा फायदा दिसतो. अठ्ठेचाळीस लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं देत त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा झाला. २००२ मध्ये निकाल आला: कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, बाकीच्यांचं ११.२.

आता म्हातारपण. अमेरिकेतल्या खाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे आफ्कोने, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पोषकांचे तक्ते काढले. त्यात दोनच रकाने आहेत: वाढ व प्रजनन, आणि प्रौढांचा निभाव. वयस्कांचा रकाना नाही. त्यामुळे 'सीनियर' लिहिलेल्या दोन पिशव्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. किडनी जपायची म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याची प्रथिनं सरसकट तोडण्याची पद्धत बरीच वर्षं चालली. तिचं मूळ एका खऱ्या गरजेत होतं: १९३०च्या दशकाच्या अखेरीस मार्क मॉरिस या पशुवैद्याने किडनी बिघडलेल्या, अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्रीसाठी खास आहार बनवला आणि त्यातूनच औषधी खाण्याचा अख्खा धंदा उभा राहिला. पण आजारी किडनीचा नियम निरोगी म्हाताऱ्यांना लावला गेला. १९९४ मध्ये फिन्को आणि सहकाऱ्यांनी एक किडनी काढलेल्या वयस्क कुत्र्यांना चार वर्षं १८ किंवा ३४ टक्के प्रथिनांचं खाणं दिलं. जास्त प्रथिनांनी किडनीला इजा झाल्याचं दिसलं नाही. मांजरांची तर गंमतच आहे. मध्यमवयात ती सुटतात, आणि दहा-बारा वर्षांनंतर कित्येकांना चरबी व प्रथिनं पचवणं जड जाऊन ती वाळू लागतात. अशा वेळी वजन उतरवणारं 'वयस्कांचं' खाणं उलटच पडतं.

नियम अजूनही पिल्लांच्या बाजूनेच बारीक होत आहेत. २०१६च्या आफ्को-तक्त्यांत मोठेपणी साधारण ३२ किलो किंवा जास्त भरणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची वरची मर्यादा कोरड्या भागाच्या १.८ टक्क्यांवर आणली गेली. अशा पिल्लांना ते खाणं चालतं की नाही, हेही वाढीच्या खाण्याच्या लेबलवर लिहावं लागतं. आणि 'सर्व वयांसाठी' असं छापलेलं खाणं वाढीच्या रकान्यात बसावंच लागतं. म्हणजे मुळात ते पिल्लांच्या मापाचंच असतं, सोफ्यावर लोळणाऱ्या आठ वर्षांच्या बोक्याच्या नव्हे.