लाल ठिपका किती मंद होतो, ते आधी बघा

रायफलवर बसवायच्या दुर्बिणींच्या, म्हणजे स्कोपच्या जाहिरातींत एक दावा हमखास असतो: आत लाल दिवा आहे, त्यामुळे अंधारातही लक्ष्य दिसतं. हे साफ चुकीचं आहे. दिवा उजळतो तो स्कोपच्या आतली फुली, म्हणजे रेटिकल. तो लेझरसारखा बाहेर जात नाही, लक्ष्यावर पडत नाही. त्याचा उजेड फक्त नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत येतो.

त्याचा खरा उपयोग जर्मनीतल्या रानडुकरांच्या शिकारीत कळतो. तिथल्या कायद्यात रात्र सूर्यास्तानंतर दीड तासाने सुरू होते आणि त्या वेळात हरणांसारखे खुरांचे प्राणी मारायला बंदी आहे. पिकांची नासधूस करणारं रानडुक्कर मात्र या बंदीतून वगळलेलं आहे. शेताच्या कडेला लाकडी मचाणावर शिकारी बसतो. चांदण्यात सत्तर मीटरवर काळं डुक्कर, खाली काळपट माती आणि स्कोपमधली फुलीही काळी. काळ्यावर काळी रेघ दिसणार कशी? एवढ्याचसाठी मधला ठिपका उजळायचा. (आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. नेमबाजीतही, कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्य मिळवलं, त्यात दुर्बिणीला परवानगी नाही. पण यामागचं विज्ञान कुणालाही आवडावं असं आहे.)

शाळेत शिकलेल्या दंडपेशी आणि शंकुपेशी आठवा. शंकुपेशी भरपूर उजेडात रंग दाखवतात, दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात. संध्याकाळी अंगणातली जास्वंद बघत राहा. लाल फूल हळूहळू काळं पडतं, हिरवी पानं मात्र त्याच्याहून उजळ दिसू लागतात. कारण दंडपेशींना लाल जवळजवळ दिसतच नाही. त्या ५०७ नॅनोमीटरच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतात. ६४० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला त्यांचा प्रतिसाद त्याच्या हजारात दीड भाग इतकाच उरतो. वांगणीला आकाशदर्शनाला जाणारे लाल टॉर्च वापरतात ते याचमुळे.

आता यातला सर्वांत सुंदर भाग. आपण ज्या बिंदूकडे रोखून बघतो त्याची प्रतिमा दृष्टिपटलाच्या मध्यावर पडते आणि तिथे साधारण सव्वा अंशाच्या गोलात दंडपेशी नसतातच. म्हणजे रात्री आपण नजरेच्या ऐन मध्यावर आंधळे असतो. मीटरभर लांबीचं डुक्कर सत्तर मीटरवरून ०.८ अंशाचं दिसतं, म्हणजे रोखून पाहिलं की ते पूर्णपणे या आंधळ्या गोलात मावतं आणि नाहीसं होतं. आठपट मोठं केलं की ते साडेसहा अंशांचं होतं आणि सभोवतालच्या दंडपेशींवर पसरतं. लाल ठिपका मात्र मधल्या शंकुपेशींवर पडतो, ज्यांना लाल दिसतं. डुक्कर एका जातीच्या पेशींनी बघायचं आणि ठिपका दुसऱ्या! हिरवा ठिपका तितक्याच शक्तीत अधिक ठळक वाटतो, पण तो दंडपेशींनाही चेतवतो आणि अंधाराला सरावायला लागलेली वीस-तीस मिनिटं वाया जातात. ज्यांना जन्मतः लाल रंग फिका दिसतो त्यांनी मात्र हिरवाच घ्यावा.

स्कोप चित्र उजळ करतो हाही गैरसमज आहे. पसरट वस्तू नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून तेजस्वी कोणतीही दुर्बीण दाखवू शकत नाही. उलट काचांमध्ये थोडा प्रकाश जातोच. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पटी, एवढ्या रुंदीचा झोत मागून बाहेर पडतो. ८×५६ (आठ पटी, ५६ मिमीचं भिंग) स्कोपचा ७ मिलिमीटर, ३-९×४० चा नऊ पटींवर ४.४. विशीत बाहुली अंधारात ७ मिमीपर्यंत उघडते, साठीत जेमतेम ५, तेव्हा ५६चं वजनदार भिंग प्रत्येकाला फळत नाही. ३० मिमी जाडीच्या नळीने उजेड वाढतो असंही सांगतात. तिने वाढते ती फुली वर-खाली सरकवायची जागा. आणि घुबडाचे डोळे खाऊन रात्री दिसतं या समजुतीपायी आजही घुबडं मारली जातात, हे अत्यंत क्रूर आणि निव्वळ अज्ञान आहे. डोळा पचनातून डोळ्यात जात नाही.

ठिपका उजळतो कसा? काचेच्या पातळ चकतीवर बारीक खाच कोरतात आणि तीत प्रकाश विखुरणारा पदार्थ भरतात. एलईडी चकतीच्या बाजूला, तिरका. त्याचा प्रकाश डोळ्याकडे न येता निघून जातो. फक्त खाचेवर आदळलेला विखुरतो आणि डोळ्यात येतो. कडेतून दिवा लावलेल्या अॅक्रिलिकच्या पाटीवर कोरलेली अक्षरंच तेवढी चमकतात, तसंच. खाचेची कड खडबडीत असली किंवा नळीच्या आतलं काळं रंगकाम चकचकीत राहिलं, तर उजेड भलतीकडे पसरतो आणि ठिपक्याभोवती लाल धुकं दिसतं.

म्हणून निवडताना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठिपका किती झगझगतो ते बघू नका. खोली अंधारी करा, वीस मिनिटं थांबा, सर्वांत मंद पायरी लावून काळ्या कापडाकडे बघा. ठिपका जेमतेम जाणवला पाहिजे, नळीच्या कडा लालसर दिसता कामा नयेत. स्वस्त स्कोप नेमके इथे नापास होतात: त्यांची पहिली पायरीच डोळे दिपवते. भर उन्हात हाकारा घालून धावत्या जनावरावर नेम धरायचा तर गरज उलटी असते. तिथे १-६×२४ सारखा स्कोप आणि उन्हातही दिसणारा ठिपका हवा.

ठिपक्याचा आकारही विचारा. एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) कोनाचा ठिपका १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर झाकतो. रेटिकल पहिल्या नाभीय प्रतलात, म्हणजे पटी बदलणाऱ्या भिंगांच्या पुढे लक्ष्याच्या बाजूला, असेल तर पटींबरोबर तो चित्रासह मोठा होतो, झाकतो तेवढंच. दुसऱ्या प्रतलात, म्हणजे त्या भिंगांच्या मागे डोळ्याच्या बाजूला, असेल तर डोळ्याला तेवढाच दिसतो, पण पटी कमी केल्या की लक्ष्याचा जास्त भाग झाकतो. अंतर मोजायच्या खुणा अशा स्कोपमध्ये एकाच, बहुधा कमाल, पटीवर खऱ्या असतात.

बहुतेकांत सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी असते, सुमारे २२० मिलिअँपिअर-तासांची. ०.१ मिलिअँपिअरला ती २२०० तास पुरते, १० मिलिअँपिअरला फार तर २२ तास, आणि कडाक्याच्या थंडीत आणखी कमी. प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये 'बंद'ची जागा असलेलं बटण घ्या. एका खटक्यात ठिपका चालू होतो, तोही आधी ठरवलेल्या मंदपणावर, आणि चढत्या पायऱ्या फिरवताना डोळा दिपत नाही. कोरलेल्या रेटिकलची काळी फुली बॅटरी संपली तरी जागेवर असते.