उन्हाळ्यात रोज एक कथा: सवय जुनीच, भांडण नवीन

मे महिन्यात रोज एक कथा वाचायची असं ठरवून वाचणारे आता पुष्कळ दिसतात, पण सवय जुनी आहे. १८९० ला 'करमणूक' साप्ताहिक निघालं, त्यात 'चालू गोष्टी' म्हणजे क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्या आणि 'स्फुट गोष्टी' म्हणजे तिथल्या तिथे संपणाऱ्या. १९०९ ला 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक आला आणि तिथून दिवाळी अंकांची परंपरा रुजली.

माझ्या मते उन्हाळ्यातलं कथावाचन खरं तर दिवाळी अंकांनीच पोसलं. अंक येतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेव्हा वाचनालयात त्यांच्यासाठी नंबर लागलेले असायचे. एप्रिल उजाडेपर्यंत मागणी ओसरायची आणि तेच अंक, कव्हर निघालेले, पाठीला खाकी कागद चिकटवलेला, एखाद्या पानावर आमरसाचा पिवळा डाग, असे आरामात हातात पडायचे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे एका कार्डावर दिवसातून एकदाच अंक बदलून मिळायचा, तोही संध्याकाळी ऊन उतरल्यावर, आणि दुपारी बारा ते चार घराबाहेर पडायचं नाही, मग घरात सहा माणसं आणि अंक एकच, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक कथा यायची आणि ती संपवूनच पुढच्याला द्यायची. मुलांसाठी वेगळी सोय होती, 'चांदोबा' मराठीत १९५२ पासून आणि 'किशोर' १९७१ पासून.

आता वाद. रोज एक कथा म्हणजे नक्की काय धरायचं? मराठीत लघुकथा म्हणजे इंग्रजीतली शॉर्ट स्टोरी, दहा-पंधरा पानांची असली तरी लघुकथाच. हिंदीत मात्र शॉर्ट स्टोरीला कहानी म्हणतात आणि लघुकथा म्हणजे पानभराची, कधी चार ओळींची. त्यात आपल्याकडे चाळीसच्या दशकात नवकथा आली, हळूहळू 'लघु' गळून नुसतं 'कथा' राहिलं, आणि मोकळा पडलेला तो 'लघु' आता नेटवर हिंदीच्या अर्थाने वापरला जातो. शिवाय अलक म्हणजे अति लघुकथा आहे, बरोबर शंभर शब्दांची शतशब्दकथा आहे. काही वाचनगटांनी ठरवलंय की अलकही मोजायची. मला हे पटत नाही. अलक लिहिणं सोपं नाही हे मान्य, पण दोन मिनिटांत तीस अलका वाचून महिन्याचा कोटा पूर्ण झाला म्हणायचं तर रोज वाचायचं कशाला? जुना 'स्फुट' शब्द जास्त नेमका होता, कारण त्यात लांबी मोजलेली नव्हती, तिथल्या तिथे संपते की नाही एवढंच होतं.

हा वाद माझ्या पाहण्यात तरी २०२० नंतरच वाढला. कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द, वाचनालयं बंद, मुलं मार्चपासूनच घरी. मग पीडीएफ फिरायला लागल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी एक कथा यायला लागली, कोणी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचं, आणि मोबाईलच्या स्क्रीनवर मावेल तेवढीच कथा लोकांना बरी वाटायला लागली. 'किशोर'चे जुने अंक आता ऑनलाइन मोफत वाचता येतात. माझी भाची त्यातलीच रोज एक कथा वाचते, दुपारी, पंख्याखाली पालथी पडून, आणि शेवट झाल्याशिवाय जेवायला उठत नाही.