अर्धं भिंग झाकलं तर अर्धी प्रतिमा जाते का?

बहिर्गोल भिंगाने पडद्यावर मेणबत्तीची प्रतिमा पाडली आहे. आता भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर पडद्यावर काय दिसेल? कोणालाही विचारून बघा. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: अर्धी मेणबत्ती गायब होईल. थोडे जास्त हुशार असतात ते म्हणतात, प्रतिमा उलटी पडते, तेव्हा नेमका कोणता अर्धा जाईल ते आधी बघावं लागेल. दोन्ही उत्तरं चूक. मेणबत्ती ज्योतीपासून बुडापर्यंत पूर्ण दिसते. फक्त अंधूक होते, कारण आता प्रकाश निम्माच पोचतो.

या गैरसमजाचं खापर मी पाठ्यपुस्तकातल्या किरणाकृतीवर फोडतो. वस्तूच्या टोकापासून दोन किरण काढायचे. एक मुख्य अक्षाला (भिंगाच्या मधून आरपार जाणाऱ्या सरळ रेषेला) समांतर, तो भिंगातून गेल्यावर नाभीतून, म्हणजे असे समांतर किरण जिथे एकवटतात त्या बिंदूतून जातो. दुसरा प्रकाशकेंद्रातून, म्हणजे भिंगाच्या मध्यातून, तो सरळ जातो. दोघे छेदतात तिथे प्रतिमा. गुण मिळवायला पद्धत उत्तम आहे, पण ती गिरवून गिरवून मनात असं ठसतं की मेणबत्ती दोनच किरण सोडते आणि त्यातला एक अडवला की खेळ खलास. प्रत्यक्षात ज्योतीच्या एकेका बिंदूपासून सगळ्या दिशांना प्रकाश निघतो आणि भिंगाच्या काठापर्यंत सगळीकडे पडतो. ते दोन किरण निवडले, कारण त्यांचा मार्ग पट्टीने आखता येतो, बस्स. वस्तू उंच आणि भिंग छोटं असेल तर समांतर किरण भिंगाला लागतसुद्धा नाही, तरी आकृतीचं उत्तर बरोबरच येतं.

ही गोष्ट उमगायला माणसाला बराच काळ लागला. प्रत्येक बिंदूपासून चहूकडे प्रकाश जातो हे अकराव्या शतकात अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमने स्पष्ट मांडलं होतं. पण मग डोळ्याच्या प्रत्येक जागी समोरच्या सगळ्या बिंदूंचा प्रकाश येऊन पडणार, त्या गर्दीतून चित्र कसं तयार होणार? त्याने फक्त लंबरूप पडणारे किरण हिशोबात धरले आणि बाकीच्यांना गौण मानलं. 1604 मध्ये खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने ती अडचण सोडवली: कोणताही किरण टाकायचा नाही. एका बिंदूपासून पसरलेला अख्खा शंकू डोळ्यात वळतो आणि दृष्टिपटलावर पुन्हा एका बिंदूत मिटतो. बिंदूला बिंदू मिळाला की प्रतिमा झाली. भिंगाचा प्रत्येक भाग संपूर्ण प्रतिमा पाडायला समर्थ असतो, तो याचमुळे.

इथे चष्मेवाले हमखास हरकत घेतात: आमच्या काचेचा अर्धा भाग झाकला तर अर्धं दृश्य जातंच की! जातं, कबूल. पण पडद्यावर प्रतिमा पाडताना एका बिंदूचा प्रकाश अख्ख्या भिंगातून येतो. चष्म्याच्या मागे मात्र डोळ्याची काही मिलिमीटरची बाहुली बसलेली असते. एका दिशेने येणारा प्रकाश बाहुलीत शिरतो तो काचेच्या एका लहानशा ठिपक्यातून, आणि दुसऱ्या दिशेचा दुसऱ्या ठिपक्यातून. काच झाकली की काही दिशाच बंद होतात.

आता माझ्या आवडीचा भाग. ते सगळे किरण एकाच बिंदूत येतात तरी कसे? वळण्याचे नियम लावून उत्तर निघतं, पण त्याहून सुंदर एक वाट आहे. 1662 मध्ये फ्रेंच गणिती पिएर द फर्माने मांडलं की प्रकाश कमीत कमी वेळाचा मार्ग धरतो. मग ज्योतीपासून पडद्यापर्यंत असंख्य मार्गांनी एकाच वेळी प्रकाश जातोय, याचा अर्थ काय? त्यातला एखादा मार्ग जरी कमी वेळाचा असता तरी बाकीचे बाद झाले असते. म्हणजे सगळ्या मार्गांना अगदी सारखाच वेळ लागला पाहिजे.

आकडे घालून बघू. भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून नाभीपर्यंतचं) 20 सेंमी, मेणबत्ती 40 सेंमीवर, पडदा दुसऱ्या बाजूला 40 सेंमीवर. भिंगाच्या मधून जाणारा मार्ग सरळ. मध्यापासून 2 सेंमी वरून जाणारा मार्ग तिरका. पायथागोरस लावला तर 40 आणि 2 यांचा कर्ण 40.05 सेंमी येतो. दोन्ही बाजूंचा मिळून फेरा 1 मिमी जास्त. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला 3 लाखांवरून साधारण 2 लाख किलोमीटरवर येतो, म्हणजे 2 मिमी काच ओलांडायला 3 मिमी हवेइतका वेळ लागतो. मग 1 मिमीची भरपाई करायची तर भिंग मध्यभागी 2 मिमी जास्त जाड हवं. 20 सेंमी नाभीय अंतराच्या, दोन्हीकडे सारखा फुगवटा असलेल्या भिंगाची जाडी मोजा: मध्यापासून 2 सेंमीवर ते बरोबर 2 मिमी पातळ असतं. 1 सेंमीवर फेरा पाव मिमी, जाडीतला फरक अर्धा मिमी. पुन्हा जुळलं! जवळच्या वाटेवर काच जास्त, लांबच्या वाटेवर कमी. भिंगाचा फुगवटा म्हणजे ही वेळेची भरपाई. काठाकडे गेल्यावर गोलाकार पृष्ठभागाचा हिशोब थोडा चुकू लागतो आणि प्रतिमा पुसट होते.

आरशात काच ओलांडायची नसते, त्यामुळे सगळा हिशोब अंतराचाच. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश नाभीत एकाच क्षणी यावा असा आकार काढला की पॅराबोला हा वक्र मिळतो.

याचं सर्वांत देखणं उदाहरण म्हणजे जेम्स वेब अवकाश दुर्बीण. तिचा 6.5 मीटरचा मुख्य आरसा 18 षटकोनी तुकड्यांचा आहे (फुटका आरसा अपशकुनी मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी). फेब्रुवारी 2022 मध्ये तुकडे जुळवण्याआधी दुर्बीण सप्तर्षीतल्या एचडी 84406 या ताऱ्यावर रोखली, तेव्हा छायाचित्रात एकाच ताऱ्याचे 18 ठिपके उमटले. ताऱ्याचा अठरावा हिस्सा कुठेच नव्हता. प्रत्येक तुकड्याने आपापली पूर्ण प्रतिमा पाडली होती. मग तुकडे किंचित कलवून सगळे ठिपके एकमेकांवर आणले. त्याने तेज वाढलं, पण बारकावे मात्र 1.3 मीटरच्या एका सुट्या तुकड्याला दिसतील तेवढेच राहिले, कारण 18 तुकड्यांवरून येणारा प्रकाश अजून वेगवेगळ्या क्षणी पोचत होता. तो मेळ साधायला एकेक तुकडा नॅनोमीटरच्या मापात मागेपुढे सरकवावा लागला. ते काम मार्च 2022 मध्ये झालं आणि तेव्हा कुठे 18 छोट्या दुर्बिणींची एक 6.5 मीटरची दुर्बीण तयार झाली.