एंडोस्कोपी नॉर्मल आली, मग ही नळी कशासाठी?

डॉक्टरांनी चिठ्ठीवर '२४ तास पीएच-इम्पिडन्स' लिहून तुम्हाला आमच्याकडे पाठवलंय. खुर्चीत बसता बसता बहुतेक जण हेच विचारतात : दुर्बीण घालून झाली, काही निघालं नाही, आता हे आणखी काय?

दुर्बिणीत दिसतात त्या जखमा. जठरातलं आम्ल वर येऊन अन्ननलिकेला ठळक चरे पडले असतील तर निदान तिथेच होतं, आमच्याकडे यायची गरज सहसा उरत नाही. पण छातीत जळजळ, आंबट ढेकरा, पहाटेचा कोरडा खोकला घेऊन येणाऱ्या पुष्कळ जणांची अन्ननलिका आतून स्वच्छ दिसते. पोटातलं वर येतं का, दिवसातून किती वेळा, आणि जळजळ होते ती नेमकी त्याच वेळी का, हे काही मिनिटांच्या दुर्बिणीत कळत नाही. त्यासाठी दिवस-रात्र पहारा ठेवावा लागतो.

पहाऱ्याला असते नाकातून अन्ननलिकेत उतरवलेली, सुमारे २ मिलिमीटर जाडीची मऊ नळी. तिच्यावर ठरावीक अंतराने धातूच्या कड्या असतात. शेजारच्या दोन कड्यांमधून अगदी क्षीण वीज जाते, ती तुम्हाला जाणवतही नाही. तिथे द्रव आला की विजेची वाट सोपी होते आणि अडथळा, म्हणजेच इम्पिडन्स, घटतो. हवा आली की तो वाढतो. तुम्ही चहाचा घोट घेतलात तर ही घट आधी वरच्या कड्यांवर दिसते, मग खालच्या. ती खालून वर सरकली, तर समजायचं की माल जठरातून आलाय. तो आंबट आहे की नाही, हे त्याच नळीवरचा पीएच सेन्सर सांगतो. पीएच ४ च्या खाली गेला की आम्ल. गोळ्यांनी आंबटपणा कमी होतो, पण वर येणं थांबतंच असं नाही. नुसत्या पीएचला हे बिनआंबट वर येणं दिसत नाही, कड्यांना दिसतं.

तपासणी वाया जाते ती बहुतेकदा गोळ्यांमुळे. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, म्हणजे आपली सकाळची 'रिकाम्या पोटीची गोळी', साधारण ७ दिवस आधी बंद करतात. मात्र आम्ल वर येण्याचा आजार (अ‍ॅसिड रिफ्लक्स) आधीच सिद्ध झालेला असेल, तर डॉक्टर मुद्दाम गोळ्या चालू ठेवूनही तपासतात. चिठ्ठीवर दोन्हीपैकी काहीच लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना फोन करा, मनाने ठरवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा नाकाचं हाड वाढलेलं असेल तर आम्हाला आधीच सांगा.

येताना ६ तास उपाशी या आणि आंघोळ उरकून या, कारण नळीला जोडलेल्या, नोंद ठेवणाऱ्या यंत्राला पाणी चालत नाही. शर्ट पुढून बटणांचा घाला, टी-शर्ट डोक्यावरून काढताना नळी ओढली जाते. तोंड झाकणाऱ्या हेल्मेटचंही तेच, म्हणून परत जाताना रिक्षा बरी. नाकात बधिर करणारी जेली लावतो, तुम्ही पाण्याचे घोट गिळत राहता आणि नळी उतरते. डोळ्यांत पाणी येतं, एखादी उबळ येते. नंतर दिवसभर घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, पण तासाभरात बरेच जण फोनवर बोलायला लागतात.

त्यानंतरचा दिवस नेहमीसारखा काढा. लोक इथेच चुकतात. नळी घातली म्हणून दोन वेळा नुसता दहीभात खाल्ला, जिना चढणं टाळलं, तर त्रासच होत नाही आणि आम्ही रिकामा आलेख वाचतो. मिसळीने जळजळत असेल तर मिसळ खा, रश्श्यासकट. जेवणाची सुरुवात आणि शेवट यंत्रावरचं बटण दाबून कळवा, तेवढा वेळ आम्ही हिशोबातून वगळतो. येता-जाता तोंडात टाकणं मात्र नको. पिंपळगावकडचे एक काका ऐन हंगामात नळी घेऊन द्राक्षाच्या बागेत गेले आणि दर पाच-दहा मिनिटांनी दोन-दोन मणी चाखत राहिले. सकाळभराचा आलेख करवतीच्या दातांसारखा! कड्यांमुळे कळलं की हे आंबट वरून खाली जातंय, पण तो वेळ फुकट गेला. लिंबू सरबत, कोल्ड्रिंक, सुपारीही त्या दिवशी नकोच.

जळजळ झाली की लगेच बटण दाबा, आडवे झालात की दुसरं बटण. सातपूर-अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी असेल तर तुमची 'झोप' दुपारी असणार, तसं डायरीत लिहा.

रिपोर्टमध्ये आधी बघायचं ते अन्ननलिका किती वेळ आम्लात होती. एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून जास्त, म्हणजे २४ तासांत सुमारे ८६ मिनिटांपेक्षा जास्त, असेल तर आजार आहे. ४ टक्क्यांच्या आत असेल तर नाही. मधल्या पट्टीत डॉक्टर बाकीचं बघतात : वर येण्याचे प्रसंग ८० च्या पुढे गेलेत का, रात्रीच्या शांत वेळी अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराचा इम्पिडन्स खाली आलाय का. आकडे नॉर्मल पण जळजळीची बटणं बरोबर वर येण्याच्या वेळेलाच दाबलेली, तर अन्ननलिका हळवी आहे. काहीच जुळत नसेल तर गोळीचा डोस वाढवून उपयोग नाही, उपचाराची दिशा बदलावी लागते. आमच्या मते वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्याला हे कळणंही मोलाचं आहे.

छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर आमची वेळ ठरलेली असली तरी इकडे येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा आणि आधी ईसीजी काढा.

दुसऱ्या दिवशी नळी काढायला मिनिटही लागत नाही. डायरी विसरू नका. कॉम्प्युटरने केलेली प्रत्येक खूण आम्ही डोळ्यांनी तपासतो, म्हणून रिपोर्ट त्याच संध्याकाळी मिळत नाही.