पीठ चाळू नका, ज्वारी सोडू नका

पोळ्या पांढऱ्या अन् मऊ व्हाव्या म्हणून गव्हाचं पीठ बारीक चाळणीनं चाळायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, अन् चाळणीत उरलेला तो भुरकट कोंडा सरळ गाई-म्हशीच्या टोपल्यात जातो. पण गव्हातलं बहुतेक फायबर, बरंचसं लोह अन् बी गटातली व्हिटॅमिन त्या कोंड्यातच असतात.

कोणत्याही तृणधान्याच्या दाण्याचे तीन भाग. वरचा कोंडा, आतला पांढरा पिठूळ भाग (हा मुख्यतः स्टार्च) अन् एका टोकाला बारीकसा अंकुर, जिथून कोंब फुटतो. मैदा करताना कोंडा अन् अंकुर दोन्ही काढून टाकतात. अंकुरात तेल असतं, ते हवेनं खवट होतं, म्हणून तो काढला की पीठ महिनोनमहिने टिकते, दुकानदाराच्या सोयीचं. ज्वारीचं पीठ उन्हाळ्यात लवकर कडवट होते तेही ह्याच तेलामुळे, म्हणून चक्कीवर एकदम पायलीभर दळून ठेवू नका, आठ-दहा दिवसांचंच दळण आणा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम फायबर आहे, न चाळलेल्या कणकीत ११ च्या आसपास, अन् मैद्यात किंवा पॉलिश तांदळात जेमतेम ३. लोह पाहा, ज्वारीत जवळपास ४ मिलिग्रॅम, पॉलिश तांदळात १ सुद्धा नाही.

दाणा सोलल्यानं काय जातं हे जगाला कळलं ते कोंबड्यांमुळे. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरला दिसलं की पॉलिश तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात अन् कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसातल्या बेरीबेरीचं (हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचं) कोडं तिथूनच सुटत गेलं, कमी पडत होतं ते कोंड्यातलं बी-१ व्हिटॅमिन, अन् १९२९ मध्ये आइकमनला नोबेल मिळालं.

आता फायबर करते काय? ते आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यातलं काही खातात अन् त्यातून जी आम्लं तयार होतात त्यावर आतड्याच्या पेशी जगतात. पोट साफ राहते, भूक लवकर लागत नाही. शिवाय दाणा जितका जाडा तितका तो हळू पचतो, म्हणून ज्वारीच्या कण्या मला भाकरीपेक्षाही भारी वाटतात. जाडसर भरडलेली ज्वारी, मंद आचेवर मऊ शिजवलेली, वरून ताक किंवा कढी. शुगरवाल्यांनी मात्र ज्वारी आहे म्हणून चार-चार भाकरी हाणू नये, स्टार्च त्यातही भरपूर आहे.

वऱ्हाडात काही दशकांपूर्वीपर्यंत भाकर हेच रोजचं जेवण होतं. मग खरिपात सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले, कणीस भरलं की पाखरं अन् रानडुकरं, काढणीला पाऊस आला की दाणे काळे पडतात, मग शेतकऱ्यानं ज्वारी काहून पेरावी? त्याचा दोष नाहीच. पण खायपुरती दोन-चार तासं (ओळी) तुरीसोबत टाकणारे लोक अजून आहेत, अन् ते लय मोलाचं काम करतात.

एकदम सगळं बदलायची गरज नाही, पोटात गॅस होतील. आधी चाळणी बंद करा किंवा जाड छिद्राची वापरा, मग रात्रीच्या जेवणात पोळीऐवजी भाकर, पाणी थोडं जास्त प्या. सोबत चून (बेसनाचं पिठलं) किंवा वरण पाहिजेच, कारण ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन (प्रोटीनचा एक जरुरी घटक) कमी असते अन् ते डाळीत भरपूर असते. ब्राउन ब्रेड घेत असाल तं मागचं लेबल वाचा, पहिलं नाव मैद्याचं असलं तर रंगावर जाऊ नका.

एक अडचणही सांगतो. कोंड्यात फायटेट असते, ते लोहाला धरून ठेवते अन् शरीराला नीट घेऊ देत नाही. त्यावर उपाय लिंबू, अन् जेवणाला लागून चहा टाळणं, अन् तिसरा आपली आंबील. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवून ठेवलं की आंबता आंबता फायटेट कमी होते, सकाळी जिरं-लसूण टाकून शिजवली की दात नसलेल्या आजीपासून लेकरापर्यंत सगळ्यांना चालते.