क्लबवरील उत्तेजकद्रव्य चौकशी व लीगची कारवाई

एखाद्या क्लबने आपल्या खेळाडूंना प्रतिबंधित द्रव्ये पद्धतशीरपणे दिल्याचा संशय आल्यास स्पर्धा चालवणारी लीग जी कारवाई करते, तिचा विचार या नोंदीत केला आहे. एका खेळाडूच्या नमुन्यात द्रव्य सापडणे वेगळे आणि सबंध संघ चौकशीखाली येणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात प्रयोगशाळेचा अहवाल पुष्कळदा नसतोच, आणि बिले, संदेश, संमतिपत्रे व साक्षी यांवरच भिस्त ठेवावी लागते. लीगचे स्वतःचे अधिकार मुख्यतः क्लबच्या कारभारापुरते असतात. खेळाडू दोषी की निर्दोष, हा प्रश्न जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) संहितेनुसार सुटतो आणि अखेरचे अपील क्रीडा लवादाकडे, म्हणजे खेळांतील तंटे सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाकडे जाते.

ऑस्ट्रेलियातील एसेंडन फुटबॉल क्लबचे प्रकरण या बाबतीत सर्वांत बोधक आहे. २०१२ च्या हंगामात राबवलेल्या इंजेक्शनांच्या कार्यक्रमाविषयी क्लबने फेब्रुवारी २०१३ मध्ये स्वतःहून कळवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने खेळाची अप्रतिष्ठा केल्याच्या कारणावरून क्लबला २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला, बाद फेरीतून वगळले आणि प्रशिक्षक जेम्स हर्ड यांना १२ महिने निलंबित केले. खेळाडूंचा निवाडा मात्र लांबला. मार्च २०१५ मध्ये लीगच्या न्यायाधिकरणाने ३४ खेळाडूंना निर्दोष ठरवले, वाडाने अपील केले आणि जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवादाने त्या सर्वांवर दोन वर्षांची बंदी घातली. चाचणीच्या वेळी भरलेल्या अर्जांत इंजेक्शनांचा उल्लेख टाळला गेला होता, ही बाब त्यांना भोवली. स्पर्धेचे वेळापत्रक कोलमडू नये म्हणून लीगने क्लबला दहा बदली खेळाडू घेऊ दिले. तरीही तो संघ त्या हंगामात तळाला राहिला.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी क्रीडारसिकांना २०१६ मधलाच कुस्तीगीर नरसिंग यादव यांचा खटला अधिक परिचित आहे. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने (नाडा) घातपाताचा, म्हणजे कोणीतरी मुद्दाम द्रव्य खाण्यापिण्यात मिसळल्याचा दावा मानून त्यांना मोकळे केले. वाडाच्या अपिलावर क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. म्हणजे स्थानिक निर्णय वरच्या पायरीवर फिरू शकतो, हे दोन्हीकडे सारखेच.

लीगचा थेट हात कुठवर पोहोचतो, याचे उदाहरण बेळगावच्याच नावाने मिळते, जरी ते उत्तेजकांचे नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये कर्नाटक प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेतील बेळगावी पँथर्स संघाच्या मालकाला सट्टेबाजीच्या प्रकरणात अटक झाल्यावर कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेने संघच निलंबित केला. अशा कारवाईला क्लबचा लीगशी झालेला करार आधाराला असतो. यात्रा कमिटी भरवते त्या कुस्ती मैदानात क्लब नाही, गुणतालिका नाही. मल्ल तालमीचा असला तरी उतरतो स्वतःच्या नावाने, त्यामुळे गुण कापणे किंवा संघ वगळणे ही साधने तेथे लागूच पडत नाहीत.