सरकारी निविदेसाठी उद्यम नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडतो ती ठिकाणे

केंद्र सरकारची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे सार्वजनिक खरेदी धोरण सांगते. हे धोरण १ एप्रिल २०१२ पासून लागू झाले. सुरुवातीला २० टक्के असलेले प्रमाण १ एप्रिल २०१९ पासून वाढवण्यात आले. या २५ टक्क्यांपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत, तर ३५८ वस्तू केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या आहेत. या सवलती मागण्यासाठी निविदेसोबत उद्यम नोंदणीचे, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या केंद्र सरकारकडील नोंदणीचे, प्रमाणपत्र जोडावे लागते. राज्य शासन आणि महापालिकांचे खरेदीचे नियम मात्र वेगळे असतात. ते त्या-त्या निविदेतच पाहावेत.

१ एप्रिल २०२५ पासून लागू असलेल्या मर्यादांनुसार, यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असल्यास उद्योग सूक्ष्म ठरतो; २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत तो लघु असतो. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. जमीन व इमारत गुंतवणुकीत धरत नाहीत आणि निर्यात उलाढालीतून वगळतात. मध्यम उद्योगालाही उद्यम क्रमांक मिळतो, परंतु या धोरणाचा लाभ त्याला नाही.

नोंदणी ऑनलाइन आणि पूर्णपणे विनामूल्य आहे. मिळत्याजुळत्या नावांची खासगी संकेतस्थळे यासाठी पैसे मागतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे याची खात्री केल्याशिवाय आधार क्रमांक भरू नये. मालकी व्यवसायात मालकाचा, भागीदारीत व्यवस्थापकीय भागीदाराचा आणि कंपनीत अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा आधार क्रमांक लागतो. त्याशिवाय पॅन, लागू असल्यास जीएसटी क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि कामगारांची संख्या भरावी लागते. कागदपत्रे अपलोड करावी लागत नाहीत; गुंतवणूक व उलाढालीचे आकडे प्राप्तिकर आणि जीएसटीच्या नोंदींतून घेतले जातात.

अर्जातील सर्वांत जपून भरण्याची जागा म्हणजे एनआयसी कोड, म्हणजेच व्यवसायाचा प्रकार दाखवणारा क्रमांक, आणि नेमकी तीच घाईत भरली जाते. स्वतःच्या शेडमध्ये लोखंडी कपाटे बनवणाऱ्याने फर्निचर उत्पादनाचा, म्हणजे ३१ ने सुरू होणारा कोड घ्यायला हवा. त्याऐवजी घाऊक व्यापाराचा ४६ ने सुरू होणारा कोड निवडला, तर कागदोपत्री तो व्यापारी ठरतो. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी प्राधान्य क्षेत्रातील (बँकांनी ठरावीक क्षेत्रांना प्राधान्याने द्यायच्या) कर्जापुरतीच असल्याने, कपाटे स्वतः बनवूनही त्याला निविदेत सवलत मिळत नाही. चूक पोर्टलवर दुरुस्त करता येते, पण ती निविदा भरण्यापूर्वी करावी.

पात्र उद्योगाला निविदा संच विनामूल्य मिळतो आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. दरातील सवलत मात्र अनेकांना नीट ठाऊक नसते. समजा, सर्वांत कमी दर १,००,००० रुपयांचा असून तो मोठ्या कंपनीने दिला आहे आणि लघु उद्योगाचा दर १,१२,००० आहे. फरक १५ टक्क्यांच्या आत असल्याने, त्या उद्योगाने १,००,००० रुपयांना पुरवठा मान्य केल्यास निविदेतील किमान २५ टक्के मागणी त्याला मिळू शकते. दर १,१६,००० असता, तर ही संधी मिळाली नसती. म्हणून दर ठरवतानाच, किती खाली येणे आपल्याला परवडेल हा हिशेब मांडून ठेवावा. बांधकामाच्या कंत्राटांना हे धोरण लागू नाही.

केंद्राची बरीचशी खरेदी २०१६ मध्ये सुरू झालेल्या जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवरून होते, त्यामुळे तेथे विक्रेता म्हणून वेगळी नोंदणी करून प्रोफाइलमध्ये उद्यम क्रमांक जोडावा. अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाने जात प्रमाणपत्र जोडावे. भागीदारी असल्यास किमान ५१ टक्के हिस्सा त्या प्रवर्गाचा असल्याचे भागीदारी करारातून दिसले पाहिजे.

निविदा अपलोड करण्यापूर्वी पॅन, जीएसटी, बँक खाते आणि उद्यम प्रमाणपत्र शेजारी ठेवून फर्मचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. एका ठिकाणी ‘इंडस्ट्रीज’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘इंडस्ट्री’ असेल, तर छाननीत शंका निघते आणि खुलाशाची मुदत थोडीच असते. प्रमाणपत्राची प्रतही त्याच आठवड्यात नव्याने डाउनलोड करावी, कारण वर्षनिहाय वर्गवारी तिच्यावरच छापलेली असते.